मुक्या सोबत्याचा शोक

छत्तीसगडी बोलीत कुत्र्याला ‘कुकुर’ म्हणतात. संस्कृतातील ‘कुक्कुर’ शब्दाचेच हे बोलीतले रूप होय. भिलाईच्या दक्षिणेस, बालोद गावापासून थोड्याच अंतरावर खपरी नावाचे एक खेडे आहे आणि त्या खेड्यात कुकुरदेवाचे देऊळ आहे. पूर्वी हा सारा मुलूख दुर्ग जिल्ह्यात मोडत असे; २०१२ साली बालोदचा स्वतंत्र जिल्हा झाला. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतील लोहखनिज ज्या लोहमार्गाने भिलाईच्या झोतभट्ट्यांकडे येते, तो मार्गही बालोदवरूनच जातो. भिलाईच्या लोखंडाची आणि कुकुरदेवाची भूमी अशी एकमेकींच्या शेजारी आहे.

हे देऊळ चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सुमारास, फणी नागवंशी राजांच्या काळात बांधले गेले, असे सांगतात. गाभाऱ्यात शिवलिंग आहे आणि त्याच्या शेजारी एका कुत्र्याची मूर्ती आहे. प्रवेशद्वारापाशीही कुत्र्यांच्या मूर्ती आहेत. आसपासचे लोक शंकराला हात जोडतात आणि त्याच भावाने त्या मुक्या जनावरालाही जोडतात. खंडोबाचे आणि दत्तात्रेयाचे कुत्रे महाराष्ट्राला परिचित आहेत. पण ते देवाचे अनुचर. खपरीचा कुत्रा कोणा देवाचा नव्हता, एका बंजाऱ्याचा होता. त्याला देवपण आले ते त्याच्या धन्याच्या शोकातून.

कथा अशी सांगतात. मालीघोरी नावाचा एक बंजारा आपला तांडा आणि आपला कुत्रा घेऊन या भागात आला. पुढे दुष्काळ पडला आणि बंजाऱ्याला सावकाराकडून कर्ज काढावे लागले. गहाण टाकण्यासारखे त्याच्याजवळ दुसरे काही उरले नव्हते, म्हणून त्याने आपला कुत्राच सावकाराच्या दारी बांधला आणि तो निघून गेला. काही दिवसांनी सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी मालमत्ता जवळच्या तळ्यात लपविली. कुत्र्याने ते पाहिले. सकाळी त्याने सावकाराचे धोतर ओढून त्याला तळ्याकाठी नेले आणि गेलेला सगळा ऐवज परत मिळाला. सावकाराचे मन भरून आले. बंजाऱ्याचे कर्ज फिटले, असे त्याने एका कागदावर लिहिले, ती चिठ्ठी कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे सोडले. कुत्रा धावत धन्याकडे गेला. बंजाऱ्याने त्याला लांबून पाहिले मात्र, त्याच्या मनात एकच विचार आला : याने दगा दिला, गहाण मोडून हा पळून आला. रागाच्या भरात त्याने काठी उगारली. कुत्रा खाली कोसळला, आणि मग बंजाऱ्याचे लक्ष त्या चिठ्ठीकडे गेले.

पुढे त्याने कुत्र्याला पुरले, तेथे त्याचे स्मारक केले आणि कालांतराने त्या जागेचे देवस्थान झाले. मालीघोरी हे नाव आजही जवळच्या गावाच्या रूपाने उरले आहे.

ही कथा जशी सांगितली जाते तशीच घडली असेल, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. तिच्यासारख्या कथा अनेक देशांत आहेत. पंचतंत्रातील ‘अपरीक्षितकारक’ या तंत्रात मुंगसाची गोष्ट आहे : बाळाला सापापासून वाचविणाऱ्या मुंगसाचे रक्ताळलेले तोंड पाहून आई त्याच्यावर पाण्याची घागर टाकते आणि मग पाळण्यात बाळ सुखरूप खेळताना पाहते. तेराव्या शतकात फ्रान्समधील लियाँ शहराच्या परिसरात गिनफोर नावाच्या शिकारी कुत्र्याची अशीच कथा प्रचलित होती. धन्याने त्याला गैरसमजाने मारले, आणि पुढे आसपासच्या आया आपली आजारी मुले घेऊन त्याच्या थडग्याशी येऊ लागल्या. एतियेन द बूर्बों नावाच्या धर्मगुरूने त्या कुत्र्याची हाडे उकरून जाळविली. तरीही लोकांची श्रद्धा शतकानुशतके टिकली. वेल्समध्ये गेलर्ट नावाच्या कुत्र्याबद्दल हीच हकीकत सांगतात. त्याचे थडगे म्हणून जो दगड दाखवितात, तो अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका खाणावळवाल्याने उभारला असावा, असे अभ्यासक मानतात. परंतु तो दगड पाहून डोळे पुसणाऱ्यांची संख्या त्यामुळे कमी झालेली नाही.

एकच गोष्ट इतक्या ठिकाणी, इतकी वर्षे का सांगितली जावी? प्रामाणिक कुत्र्यांचे गुणगान एवढाच हेतू असता, तर कुत्र्याने धन्याचा जीव वाचविला आणि दोघे सुखाने राहिले, एवढ्यावर कथा संपली असती. या सर्व कथांचा शेवट मात्र एकाच बिंदूपाशी होतो, आणि तो म्हणजे माणसाचा पश्चात्ताप. मुक्या जनावराच्या मृत्यूचे दुःख माणसाला जे सलते, त्यात वियोगाइतकाच अपराधाच्या जाणिवेचा भाग असतो, ही गोष्ट या कथा रचणाऱ्या अनामिक लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. ज्याच्या घरचा कुत्रा गेला आहे, त्याला ती नव्याने ओळखावी लागते.

खपरीहून आता भिलाईस यावे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी झालेल्या करारातून हा पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसाहत आली आणि वसाहतीबरोबर देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. नागपूर आणि विदर्भ आगगाडीने काही तासांच्या अंतरावर; तेव्हा मराठी कुटुंबेही आली. गाव, वाडा, भाऊबंद मागे ठेवून आलेल्या या माणसांना सेक्टरमधल्या क्वार्टरांत नवा शेजार मिळाला. पुढे मुले शिकली आणि पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी गेली. अशा घरांत मागे राहिली दोन वडीलधारी माणसे, अंगणातला पेरू, आणि पुष्कळदा एक कुत्रा.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. मुलाने शाळेत असताना रस्त्यावरचे पिल्लू खिशात घालून आणलेले असते. आईने पहिले दोन दिवस ‘हे घरात चालायचे नाही’ असे म्हटलेले असते आणि तिसऱ्या दिवशी तिनेच त्याला दूधभाकरी कुस्करून घातलेली असते. त्यानंतरची बारा-तेरा वर्षे घराचे घड्याळ त्याच्या भोवती फिरते. वडील रात्रपाळीवरून परत येतात तेव्हा स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर असतानाच ते दाराशी उभे असते. मुलगा शिकायला गेल्यावर त्याच्या पलंगाखाली निजते. वडील निवृत्त झाल्यावर त्यांना सकाळी फिरायला नेण्याचे काम तेच करते. मग एके वर्षी त्याचे मागचे पाय लटपटू लागतात, डोळ्यांवर पांढरे सारे चढते, खाणे सुटते. आणि एका पहाटे अंगणातली साखळी नुसतीच पडून राहते.

त्या दिवशी घरात काय होते? माणूस गेला असता तर शेजाऱ्यांनी चूल पेटू दिली नसती, कोणी पिठलंभात आणून दिला असता, चार माणसे येऊन बसली असती. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध अशा ठरलेल्या पायऱ्यांनी दुःख हळूहळू उतरविण्याची सोय समाजाने करून ठेविली आहे. कुत्र्यासाठी यांपैकी काहीच नाही. झोतभट्टी रात्रंदिवस चालते. पहिल्या पाळीच्या माणसाला पहिल्या पाळीस जावेच लागते. रजेच्या अर्जात काय लिहावे, हा प्रश्न पडतो. कोणी भेटले तर म्हणते, ‘अहो, एवढे काय, कुत्रेच ते! दुसरे आणा.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ऐकणारा त्या दिवसापासून आपले दुःख लपवू लागतो. घरातली बाई न्हाणीघरात जाऊन रडते आणि पुरुष फाटकाची कडी पुन्हा पुन्हा पाहून येतो.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखाचा स्वतंत्र विचार मांडला. ज्या शोकाला समाज शोक म्हणून मान्यता देत नाही, जो उघडपणे करता येत नाही आणि ज्याला कोणाचा आधार मिळत नाही, तो शोक मनात अधिक काळ कोंडून राहतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. दुःखात लाजेची भर पडली की ते दुणावते. म्हणून ज्याच्या घरचा कुत्रा गेला आहे त्याला पहिली गोष्ट सांगावयाची ती ही की, त्याचे दुःख खरे आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

याला पुरावा हवा असेल तर तो फार जुना आहे. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक पुरातन दफन सापडले. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा. काळ सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचा. कुत्र्याच्या दातांचा पुढे बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की, ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते. मृत्यूपूर्वी ते एका कठीण रोगाने अनेक आठवडे आजारी होते आणि माणसांनी शुश्रूषा केल्यावाचून ते इतके दिवस जगणे शक्य नव्हते. त्या पिल्लाचा शिकारीला काही उपयोग नव्हता आणि राखणीलाही नव्हता. तरीही कोणी तरी त्याला पाणी पाजले असले पाहिजे, ऊब दिली असली पाहिजे. आपल्या देशात काश्मीरमधील बुर्झहोम येथे नवाश्मयुगीन माणसांबरोबर कुत्र्यांना पुरलेले आढळले आहे. शेती, लेखन, नगरे आणि राज्ये यांपूर्वीचा हा संबंध आहे. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरांत ऑक्सिटोसिन या द्रव्याचे प्रमाण वाढते. माता आणि अर्भक यांच्यातील जिव्हाळ्याशी निगडित असलेले द्रव्य ते हेच. तेव्हा ‘लेकरासारखे होते हो’ असे एखादी गृहिणी म्हणते, तेव्हा ती अतिशयोक्ती करते, असे समजण्याचे कारण नाही.

आपल्या परंपरेनेही या नात्याला कमी लेखले नाही. महाभारताच्या आरंभी, आदिपर्वात, सरमा नावाच्या देवशुनीची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञभूमीवर तिचा मुलगा सहज आला. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते. तरी जनमेजयाच्या भावांनी त्याला मारले. तो रडत आईकडे गेला. सरमेने येऊन राजाला विचारले, ‘याचा अपराध काय?’ कोणाजवळ उत्तर नव्हते. निरपराध जिवाला मारल्याबद्दल अकल्पित भय तुमच्यावर येईल, असा शाप तिने दिला आणि एवढा सम्राट, पण तो अस्वस्थ झाला. याच ग्रंथाच्या शेवटाजवळ, महाप्रास्थानिक पर्वात, युधिष्ठिराच्या मागून चालणारा कुत्रा येतो. भाऊ पडले, द्रौपदी पडली. कुत्रा मागे राहिला नाही. इंद्र रथ घेऊन आला आणि स्वर्गात कुत्र्याला स्थान नाही, असे म्हणाला. भक्ताचा त्याग हे ब्रह्महत्येसारखे पाप आहे, असे सांगून युधिष्ठिराने रथात चढण्याचे नाकारले. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभी निष्कारण मार खाल्लेला एक कुत्रा असावा आणि अखेरीस न सोडलेला एक कुत्रा असावा, यात पुष्कळ अर्थ आहे. सोबत करणाऱ्याशी माणूस कसा वागला, हा धर्माचा प्रश्न आहे, असेच व्यासांना म्हणावयाचे असावे.

मराठ्यांच्या इतिहासातही याची खूण आहे. सातारचे छत्रपती शाहू महाराज यांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. शिकारीत वाघाच्या हल्ल्यातून त्याने महाराजांना वाचविले, महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, संगम माहुली येथे, त्याची समाधी दाखवितात. १७४९ साली शाहू महाराजांचे निधन झाले. त्यांची समाधीही तिथेच आहे. ज्या राजाच्या नावाने बंगालकडे फौजा निघाल्या, त्याला आपल्या कुत्र्यासाठी दगडाचा चौथरा बांधणे कमीपणाचे वाटले नाही. भिलाईच्या क्वार्टरमधल्या माणसाने चार अश्रू गाळले तर त्यात संकोच कशाचा?

परंतु शोकाला मान्यता मिळाली म्हणजे तो निवला, असे होत नाही. खपरीच्या कथेकडे परत यावे लागते ते येथे. कुत्रा गेल्यानंतरच्या रात्री माणूस जागा असतो तो निव्वळ आठवणींनी नव्हे. त्याच्यापुढे प्रश्नांची रांग लागलेली असते. त्या दिवशी त्याने जेवण टाकले तेव्हाच डॉक्टरांकडे न्यायला नको होते का? लस द्यायला उशीर झाला का? फाटक कोणी उघडे ठेवले? गणपतीला नागपूरला गेलो तेव्हा त्याला शेजाऱ्यांकडे ठेवले, ते त्याच्या मनाला लागले असेल का? आणि सर्वांत कठीण प्रश्न असतो तो अशा घरांत की, जिथे रोग असाध्य झाल्यावर पशुवैद्याच्या सल्ल्याने सुई देऊन त्याच्या यातना थांबवाव्या लागल्या. ‘त्याने विश्वासाने पंजा पुढे केला आणि आम्ही...’ हे वाक्य कोणालाच पुरे करता येत नाही.

माणसाच्या आजारात रोगी बोलतो. ‘मला पुरे झाले’ म्हणतो, ‘तुम्ही पुष्कळ केलेत’ असेही कधी म्हणतो. कुत्रा काहीच म्हणत नाही. त्याच्या वतीने सर्व निर्णय माणसाने घ्यावयाचे आणि त्यांची क्षमा मात्र कोणाकडून मिळावयाची नाही, अशी ही स्थिती असते. म्हणून शोक करणारा स्वतःच न्यायाधीश होतो आणि स्वतःलाच शिक्षा करतो. बंजाऱ्याने जे कुत्र्याच्या बाबतीत केले, तेच तो स्वतःच्या बाबतीत करतो. चिठ्ठी न वाचता काठी उगारतो.

बंजाऱ्याचा अपराध त्याच्या रागात होता, त्याहून अधिक त्याच्या घाईत होता. पुरावा कुत्र्याच्या गळ्यात बांधलेला होता. तो पाहण्यापूर्वी निकाल झाला. शोकातल्या माणसानेही स्वतःविरुद्ध निकाल देण्यापूर्वी चिठ्ठी वाचावी. ती कोठे असते? ती त्या बारा-तेरा वर्षांत असते. शांतपणे बसून तिचा एकेक शब्द लावावा. घरी कागद-पेन्सिल असेल तर खरोखरच लिहून काढावे. ते कोठून आले, आले नसते तर त्याचे काय झाले असते, थंडीत कोणाची जुनी शाल त्याच्या वाट्याला आली, पावसाळ्यात पायात काटा रुतला तेव्हा कोण रात्री जागले, फटाक्यांना भिऊन ते कोणाच्या मांडीत शिरले, शेवटच्या आठवड्यात चमच्याने पाणी कोणी पाजले. मग त्या अखेरच्या दिवसाची हकीकतही लिहावी. तिच्यातून काही वगळू नये.

असे लिहून पाहिले म्हणजे आपल्या मनातील अपराध तीन प्रकारांत आपोआप विभागले जातात. काही अपराध वस्तुतः काळाचे असतात. कुत्र्याचे आयुष्यच दहा-बारा, फार तर चौदा-पंधरा वर्षांचे. म्हातारपणी मूत्रपिंडे निकामी झाली, हृदय थकले, तर तो त्याच्या आयुष्याचा क्रम होता. ते पाप कोणाच्या माथी मारता येत नाही. काही अपराध अज्ञानाचे असतात. आज जे समजले ते त्या दिवशी समजलेले नव्हते. आणि आजच्या ज्ञानाने कालच्या मनुष्याला दोषी ठरविणे न्यायाला धरून नाही. शिवाय जनावर आपले दुखणे लपविते, हेही लक्षात ठेवावे. अनुभवी पशुवैद्यालाही ते पुष्कळदा उशिराच कळते. असाध्य यातना थांबविण्याचा निर्णयही, जर तो जाणकाराच्या सल्ल्याने आणि जनावराच्याच हितासाठी घेतला असेल, तर त्याला विश्वासघात म्हणू नये. आपला वियोग आजच पत्करून त्याच्या यातना उद्यावर न ढकलणे, असे त्याचे खरे स्वरूप आहे.

उरतात ते खरे अपराध. ते असतात, नसतात असे म्हणून सांत्वन करणे लटके ठरते. फाटक खरोखरच उघडे राहिलेले असते. लस खरोखरच द्यावयाची राहून गेलेली असते. रागाच्या भरात एखादा फटका खरोखरच मारलेला असतो. बंजाऱ्याचाही अपराध खराच होता. पण त्याने पुढे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. त्याने आपली चूक लपविली नाही. कुत्रा रोगाने मेला, अशी कथा त्याने पसरविली असती तर देऊळ झालेच नसते. ‘मी याला निष्कारण मारले’ ही गोष्ट त्याने लोकांना सांगितली, म्हणून तर ती आजवर सांगितली जाते. आपला खरा अपराध एकदा कोणा जिव्हाळ्याच्या माणसापाशी स्पष्ट शब्दांत बोलून टाकावा, आणि त्याची भरपाई दुसऱ्या एखाद्या जिवाच्या उपयोगी पडून करावी. शेजारच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस टोचून घेण्याची खटपट करणारे, उन्हाळ्यात फाटकाबाहेर पाण्याचे भांडे ठेवणारे कित्येक लोक अशाच एखाद्या जुन्या व्यथेतून त्या कामाकडे वळलेले असतात.

घरात मुले असली तर त्यांच्याशी खरे बोलावे. ‘त्याला गावी पाठविले’ किंवा ‘तो पळून गेला’ असे सांगण्याचा मोह वडीलधाऱ्यांना होतो. पण पळून गेला, असे ऐकलेले मूल आठवडाभर फाटकाशी उभे राहते आणि आपल्या कोणत्या चुकीमुळे तो रागावून गेला, याचा विचार करीत बसते. मूल लहान असले तरी ‘तो मेला, आता परत येणार नाही, आणि त्यात तुझी काही चूक नव्हती’ ही तीन वाक्ये त्याला समजतात. बहुतेक मुलांना मृत्यूची पहिली ओळख अशा घरच्या जनावराच्या निमित्तानेच होते. त्या वेळी घरातली मोठी माणसे मोकळेपणी रडली, त्यांनी त्याची आठवण काढली आणि मग जेवायला बसली, तर मूल एक धडा शिकते : दुःख होते, ते सांगता येते, आणि त्यानंतरही जगता येते.

वृद्धांचे दुःख निराळे असते. त्यांच्या बाबतीत कुत्र्याबरोबर दिवसाचा सांगाडाच मोडतो. सकाळी फिरायला जावयाचे कोणासाठी? रस्त्यात थांबवून चौकशी करणारी माणसे त्याच्या निमित्ताने भेटत. ती आता कोणत्या निमित्ताने भेटणार? अशा वेळी दूरच्या मुलांनी फोनवर ‘दुसरा आणून देतो’ असे म्हणण्याची घाई करू नये. त्याऐवजी त्याची एखादी आठवण त्यांना सांगण्यास लावावे आणि ती मध्येच न थांबविता ऐकावी. फिरण्याची वेळ मात्र मोडू देऊ नये. पहिले काही दिवस हात रिकामा वाटतो; पण त्या वाटेवरची माणसे विचारपूस करतात, आणि ती विचारपूस म्हणजेच त्या न झालेल्या दहाव्या-तेराव्याची उणीव भरून काढणारी गोष्ट होय. पुढे कधी तरी घरात नवे पिल्लू आले, तर त्यात गेलेल्याचा अपमान नाही. मात्र नव्याला जुन्याचे नाव देऊ नये आणि जुन्याशी त्याची तुलना करू नये. त्याला त्याचे स्वतःचे आयुष्य असते.

राहिला निरोपाचा प्रश्न. कुत्र्यासाठी विधी नाही, हे खरे. पण पूर्वीच्या घरांत भूतयज्ञाचा भाग म्हणून कुत्र्यासाठी अन्नाचा वाटा काढण्याची चाल होती. ज्याचा वाटा रोज काढला गेला, त्याला साधा निरोप देण्यास शास्त्राची आडकाठी असू नये. घरातल्या सर्वांनी मिळून त्याला पुरावे; खड्डा चांगला खोल घ्यावा, म्हणजे दुसरी जनावरे तो उकरणार नाहीत, आणि विहिरीपासून दूर घ्यावा. वर एखादे झाड लावावे. ज्याला दोन शब्द बोलावयाचे असतील त्याने बोलावेत. त्याचे पाण्याचे भांडे त्याच दिवशी उचलून टाकण्याची आवश्यकता नाही आणि वर्षानुवर्षे तसेच ठेवण्याचीही नाही. ते हलविण्याचा दिवस घरच्यांना आपोआप कळतो.

भिलाईच्या घरांत या निरोपाला आणखी एक कड असते. क्वार्टर कारखान्याचे, निवृत्तीनंतर बहुतेकांना किल्ल्या परत कराव्या लागतात. ज्या अंगणातल्या मुरमाड जमिनीत त्याला पुरले, पेरूची सावली ज्याच्यावर पडते, ते अंगण सोडून जावयाचे असते. पुढे तेथे कोण राहावयास येईल, त्याला त्या झाडाखाली काय आहे हे कधी कळणारही नाही. पुष्कळांना ही कल्पना फार लागते. परंतु विचार केला तर बंजाऱ्याचेही तेच झाले नव्हते काय? तो फिरता माणूस. त्याचे घर त्याच्या बैलांच्या पाठीवर. ज्या मातीत त्याने आपला सोबती पुरला, ती माती त्याची नव्हती. तो गेला, त्याचा तांडा गेला, राजे गेले. परक्या माणसांनी त्या जागेवर दिवा लावण्याचे काम आपले मानले. जागा आपल्या मालकीची असावी लागत नाही. तेथे काय घडले, ते नव्याने येणाऱ्याला सांगून जावे, म्हणजे पुरे. ‘या पेरूखाली आमचा मोती आहे’ एवढे एक वाक्य किल्ल्यांबरोबर दिले, तर नवे कुटुंब ते झाड तोडण्यापूर्वी क्षणभर थांबेल.

खपरीच्या देवळात कुत्रा चावलेली माणसे येतात, प्रदक्षिणा घालतात आणि बरे होण्याची प्रार्थना करतात. श्रद्धेने जावे, परंतु त्याआधी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने चांगली धुऊन तडक दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. पाश्चरने १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर लस वापरून दाखविली, तेव्हापासून या मृत्यूला अटकाव करणे माणसाच्या हाती आले आहे. ते आपल्या हाती असताना न करणे, ही सुद्धा चिठ्ठी न वाचण्याचीच एक तऱ्हा होय.

ज्याला चावा बसलेला नाही, पण ज्याच्या घरची साखळी नुकतीच रिकामी झाली आहे, अशा एखाद्या भिलाईकराने एखाद्या रविवारी बालोदकडे जावे आणि त्या देवळापाशी थोडा वेळ बसावे. भातखाचरांच्या त्या मुलखात सहा-सातशे वर्षांपूर्वी एका माणसाने आपल्या कुत्र्यासाठी शोक केला, अशी आठवण लोकांनी जपून ठेविली आहे. त्या माणसाचा अपराध तेथे येणाऱ्या भिलाईकराच्या अपराधाहून मोठा होता. लोकांनी त्या बंजाऱ्याला शाप दिला नाही. त्याचे नाव त्यांनी गावाला दिले आणि त्याच्या कुत्र्याला शंकराच्या शेजारी बसविले. तेथून परत आल्यावर त्या भिलाईकराने आपल्या घरची चिठ्ठी आणखी एकदा वाचून पाहावी. तिच्यातही बहुधा हेच लिहिलेले आढळेल की, कर्ज केव्हाच फिटले आहे.